यावच्चंद्रदिवाकरौ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा "मास्तर, विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा" असेही त्यांनी बजावले होते. सूर्याचा मृत्यू हा विषय आम्ही त्यांना कळविला, तेव्हा ते क्षणभर स्तब्धच झाले. पेढे वाटावयाच्या दिवशी मृत्यूची वार्ता कशासाठी, आणि तीही ज्या घटनेस अजून शेकडो कोटी वर्षांचा अवकाश आहे तिची, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला होता. त्यांचे समाधान त्या वेळी आमच्याकडून झाले नाही. ते आज आपणा सर्वांसमक्ष करावे असा विचार आहे. आम्ही पडलो जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले शाळामास्तर. ज्योतिर्विज्ञानात आमचा अधिकार यत्किंचितही नाही. निवृत्तीनंतर हाती आलेला वेळ वाचनालयात घालवून जे समजले, तेवढेच सांगणार आहोत.

विषय सुचला तो मंडळाच्याच दप्तरातून. आपल्या शिष्यवृत्ती-निधीचे मूळ दानपत्र आम्ही गतवर्षी वाचावयास मागून घेतले. कारण आपणांस विदितच आहे. सभागृहाच्या छपराच्या दुरुस्तीकरिता या निधीचे मुद्दल उपयोगात आणावे, अशी सूचना गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत आली आणि तिचा निर्णय यंदाच्या सभेवर सोपविण्यात आला. आपल्या वडीलधाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी त्या दानपत्रात लिहून ठेविले आहे, की मुद्दलास कोणीही हात लावू नये, केवळ व्याजातून गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य द्यावे, आणि हे यावच्चंद्रदिवाकरौ चालावे. शब्द त्यांच्या पदरचे नव्हेत. जुन्या ताम्रपटांतून व शिलालेखांतून दान देणारे राजे हीच भाषा बोलत आले. आपल्या कोकणात अलिबागजवळ अक्षी येथे जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्याच्या माथ्याशीही चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही दानाची मुदत कळावी, एवढाच त्या चित्रांचा अर्थ.

आता अडतीस वर्षे ज्याने गणित शिकविले, त्याच्यासमोर मुदत हा शब्द आला की ती किती, हे विचारल्यावाचून त्यास राहवत नाही.

प्रथम चंद्राचे पाहू, कारण तो हिशेब लहान आहे. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी तेथे आरसे ठेविले. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण त्यांवरून परत येण्यास किती वेळ लागतो हे मोजून चंद्राचे अंतर काढतात. त्यावरून असे सिद्ध झाले आहे, की चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर जात आहे. सुमारे साठ कोटी वर्षांनी त्याचे बिंब इतके लहान दिसू लागेल, की ते सूर्यास पूर्ण झाकू शकणार नाही. म्हणजे खग्रास सूर्यग्रहण नावाची वस्तूच उरणार नाही. तथापि चंद्र राहील. दानपत्रास त्याच्याकडून भय नाही. खरा प्रश्न दिवाकराचा.

आणि या ठिकाणी आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. सुमारे १९८५ सालची गोष्ट. सातवीच्या वर्गात आम्ही विज्ञानाचा पाठ घेत होतो. 'सूर्य हा एक जळता गोल आहे' असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. आपल्याच ज्ञातीतला. त्याचे वडील वीटभट्टीवर कामास असत. तो म्हणाला, "गुरुजी, आमची भट्टी थोड्या दिवसांत विझते. सूर्याचे सरपण कधी संपणार?" वर्ग हसला. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे मुलांसमोर म्हणण्याचे धैर्यही नव्हते. "आधी सतराचा पाढा म्हणून दाखव" असे आम्ही त्यास दरडावले. तो सतराच्या पाढ्यात अडखळला. वर्ग पुन्हा हसला, आणि आमची सुटका झाली.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की त्या मुलाचा प्रश्न नेमका तोच होता, ज्याने एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांची झोप उडविली होती. त्यांनीही आरंभ सरपणापासूनच केला. सूर्य म्हणजे दगडी कोळशाचा गोळा असे धरून हिशेब मांडला, तर तो अवघ्या पाच हजार वर्षांच्या आसपास जळून खाक होतो असे दिसले. हे तर मनुष्याच्या इतिहासासही पुरत नाही. मग १८५४ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने अशी उपपत्ती मांडली, की सूर्य स्वतःच्याच भाराने हळूहळू आक्रसतो आणि त्या आक्रसण्यातून उष्णता निघते. ब्रिटनमध्ये लॉर्ड केल्विन याने हाच विचार पुढे नेला. या मार्गाने सूर्याचे वय काही कोटी वर्षे येई. परंतु डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण इंग्लंडातील एका प्रदेशाची झीज होण्यासच तीस कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज दिला होता. त्यावर एवढी टीका झाली, की तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो हिशेब गाळून टाकला. डोंगर म्हणत होते, आम्ही फार जुने आहोत. सूर्य म्हणत होता, मी तेवढा जुना नाही. बापापेक्षा मुलाचे वय अधिक भरावे तसा हा प्रकार होता, आणि साठ वर्षे तो कोणाला उलगडला नाही.

तो उलगडण्यास ज्या किल्ल्या उपयोगी पडल्या, त्यांपैकी एक आपल्या देशात घडली. मेघनाद साहा हे डाक्क्याजवळील एका खेड्यातल्या किराणा दुकानदाराचे पुत्र. घरी शिक्षणाची ऐपत नव्हती. एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले म्हणून पुढील शाळा घडली. वंगभंगाच्या चळवळीत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार टाकल्यामुळे मिळत असलेली शिष्यवृत्तीही गेली. त्याच साहांनी १९२० साली एक समीकरण प्रसिद्ध केले. ताऱ्याच्या प्रकाशाची इंद्रधनुष्यासारखी पट्टी पाडली असता तिच्यात ज्या काळ्या रेषा दिसतात, त्यांवरून तेथील उष्णतामान आणि द्रव्य कसे ओळखावे, हे त्या समीकरणाने सांगितले. विद्यार्थिमित्रहो, त्या डॉक्टरांच्या घरी एका मुलाच्या पानाला जागा नसती, तर सूर्याच्या पोटात काय आहे हे वाचण्याची लिपी जगाला आणखी किती काळ लागली नसती, याचा विचार करावा.

ती लिपी पुढे एका मुलीने वाचली. सेसिलिया पेन ही इंग्लंडातून अमेरिकेत हार्वर्ड येथे गेलेली पंचवीस वर्षांची विद्यार्थिनी. १९२५ साली तिने आपल्या प्रबंधात साहांच्या समीकरणाच्या आधारे दाखविले, की सूर्य पृथ्वीसारख्या द्रव्याचा नसून मुख्यतः हायड्रोजनचा आहे. त्या काळचे मोठे अधिकारी ज्योतिर्विद रसेल यांना हे पटले नाही. त्यांच्या मतास मान देऊन, आपला हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचले आणि पेनबाईंचे म्हणणे बरोबर होते हे त्यांनी मान्य केले. एवढे श्रेय त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. सतराच्या पाढ्याबद्दल आम्ही तेवढेही केलेले नाही.

हायड्रोजन सापडल्यावर सरपणाचा उलगडा झाला. हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमचा एक होतो, आणि तो एक त्या चारांपेक्षा किंचित हलका भरतो. जेवढे वजन कमी पडते, त्याची ऊर्जा होते. सूर्याच्या गाभ्यात हे कसे घडत असावे, याचे सविस्तर गणित १९३९ साली बेथे यांनी दिले. दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते, आणि त्यातील सुमारे ४० लक्ष टन द्रव्य प्रकाश व उष्णता होऊन निघून जाते. आम्ही हे वाक्य बोलत असतानाच किती गेले ते मोजावे! तरी सूर्य एवढा अवाढव्य, की आपल्या पृथ्वीसारख्या ३ लक्ष ३३ हजार पृथ्व्या तागडीत घातल्या तर त्याच्या भारास भार होतो. मात्र सर्व सरपण भट्टीत पडत नाही; गाभ्यात असेल तेवढेच जळते. सूर्यमालेबरोबर जन्मलेल्या अशनींच्या वयावरून सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे ठरले आहे, आणि गाभ्यातले सरपण अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. मुलाच्या प्रश्नाचे हे उत्तर. द्यावयास आम्हांस इतका उशीर झाला.

तथापि ५०० कोटी हा आकडा ऐकून कोणी स्वस्थ बसू नये. मुदतीत एक पोटकलम आहे. गाभ्यात हेलियम जसजसा साठतो, तसतसा गाभा अधिक दाटतो, अधिक तापतो आणि जळण वाढते. सूर्य जन्मला तेव्हा त्याचे तेज आजच्या सत्तर टक्केच होते. यापुढेही दर शंभर कोटी वर्षांनी ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढत जाईल. उन्ह वाढले की खडकांची झीज वाढते, आणि झिजणारे खडक हवेतील कर्बवायू शोषून घेतात. ज्या वायूच्या वाढीची आज सारे जग चिंता करते, तोच त्या काळी इतका घटेल की साठ ते नव्वद कोटी वर्षांच्या सुमारास बहुतेक वनस्पतींना अन्न करणे अशक्य होईल. शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे समुद्र आटू लागतील. म्हणजे दिवाकर असेल, लखलखीत असेल, परंतु त्याच्याकडे पाहून अर्घ्य देण्यास ओंजळभर पाणी उरणार नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते पाहण्यास येथे कोणी असणार नाही. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर सूर्य फुगू लागेल, तांबूस होईल आणि अखेरीस आजच्या दोनशेपटीहून मोठा होईल. बुध व शुक्र त्याच्या पोटात जातील. श्रोडर आणि स्मिथ या दोघा शास्त्रज्ञांनी २००८ साली केलेल्या गणिताप्रमाणे सुमारे ७६० कोटी वर्षांनी पृथ्वीचीही तीच गत आहे. त्यानंतर वरची आवरणे अवकाशात विरून जातील आणि मागे उरेल तो पृथ्वीएवढा एक पांढरा निखारा, ज्यात आजच्या सूर्याचे निम्मे वजन कोंडलेले असेल. त्यातील चमचाभर द्रव्य काही टन भरेल. त्यात नवे जळण नाही. तो केवळ निवत जाईल.

निखाऱ्याच्या या गोष्टीतही एक भारतीय तरुण आहे. १९३० साली सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे एकोणीस वर्षांचे विद्यार्थी मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले आणि प्रवासात त्यांनी याच निखाऱ्यांचे गणित केले. सूर्याच्या सुमारे १.४ पट वजनापर्यंतचाच तारा असा शांतपणे निवू शकतो. त्याहून जड निखारा स्वतःच्या भाराखाली कोसळल्यावाचून राहत नाही. आपला सूर्य मर्यादेच्या आत आहे, म्हणून त्याचे मरण सौम्य. १९३५ साली लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या थोर शास्त्रज्ञाने या तरुणाच्या सिद्धान्ताची सर्वांसमक्ष टर उडविली. १९८३ साली चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले. मध्ये गेलेली वर्षे ज्याची त्याने मोजावी.

येथे आमच्या काही बंधूंच्या मनात आलेच असेल, की ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि हा आकडा पृथ्वीच्या वयाच्या किती जवळ! आकडा जवळ आहे हे खरे. परंतु तो युगांच्या गुणाकारातून आला, खडकाच्या वा सूर्याच्या मोजणीतून नव्हे. एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करण्यास आपले पूर्वज कचरले नाहीत, हा अभिमान पुरेसा आहे. त्यापुढे ओढाताण करू नये.

आता मुदतीचा त्रैराशिक मांडू. मनुष्यजात पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लक्ष वर्षे झाली. ही तीन लक्ष वर्षे एक दिवस मानली, तर समुद्र आटेपर्यंत आपणांस अजून नऊ वर्षे आहेत. काल सूर्योदयाला जन्मलेल्या मुलाने नऊ वर्षांनंतरची चिंता करावी का? केली तरी ती दुधाच्या आणि अंगाईच्या आधी करू नये, असे कोणतीही आई सांगेल. मनुष्यजातीस खरे भय या नऊ वर्षांच्या शेवटी नाही, उद्या सकाळी आहे. आणि ते सूर्याकडून नाही.

तरीही मनुष्य दूरचा विचार करावयाचे सोडीत नाही. २००१ साली तिघा शास्त्रज्ञांनी गणित करून दाखविले, की एखादी मोठी अशनी दर सहा हजार वर्षांनी पृथ्वीजवळून नेमक्या अंतराने जाऊ दिली, तर तिच्या ओढीने पृथ्वी थोडी थोडी बाहेर सरकेल आणि वाढत्या तापापासून वाचेल. गणित निर्दोष आहे. अडचण एवढीच, की मोहेंजोदडोच्या विटा भाजण्याच्याही पूर्वीपासून आजतागायत एकाच कार्यालयाने एकच वही सांभाळावी आणि नेमक्या दिवशी कामास लागावे, तसे हे काम आहे. आणि वार चुकला तर अशनी पृथ्वीवरच यावयाची. आपल्या मंडळाची सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी दरवर्षी अर्धा तास तहकूब होते, हे लक्षात घेता या योजनेवर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

दुसरा मार्ग निघून जाण्याचा. माणूस अजून चंद्रापलीकडे गेलेला नाही, परंतु त्याच्या हातची वस्तू गेली आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. त्यांतील पहिले २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले, आणि सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते दुसऱ्या एका ताऱ्याच्या बाजूने जाईल. या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे. तीत निरनिराळ्या पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, आणि त्यांत आपली मराठीही आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही तीत आहे. मैफलीच्या अखेरीस गावयाचा तो राग. यान निघाले ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेस. ती मुद्रिका अवकाशात शंभर कोटी वर्षे टिकेल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे पृथ्वीवरचे समुद्र आटू लागतील, त्या वेळी ते मराठी अभिवादन आणि ती भैरवी कोठेतरी शाबूत असतील. ऐकणारा मिळेल की न मिळेल. गाणाऱ्याने गाऊन ठेविले आहे.

असो. आता दानपत्राकडे येतो, कारण अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहू लागले आहेत.

छपराचा प्रश्न खरा आहे. गेल्या पावसाळ्यात महिला मंडळाच्या कार्यक्रमात बादल्या ठेवाव्या लागल्या, हे आम्ही स्वतः पाहिले. मुद्दल न मोडल्याने ते सुरक्षित राहते, असेही नाही. साठ वर्षांपूर्वी ज्या व्याजात एका मुलाचे वर्षाचे शुल्क आणि पुस्तके निघत, त्यात आज वह्यासुद्धा पुऱ्या पडत नाहीत. कोणी हात न लावताही तो निधी रोज थोडा विझतोच आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की छपरासाठी निराळी वर्गणी काढावी आणि निधीत प्रत्येक कुटुंबाने दरवर्षी काही भर घालावी. दोन्हींतील आमचा वाटा आम्ही सकाळीच चिटणीसांकडे दिला आहे. ठराव मतास येईल तेव्हा आम्ही मुद्दल मोडण्याच्या विरुद्ध हात वर करू, हे आताच सांगून ठेवितो.

राहिला तो वीटभट्टीवरचा मुलगा. पुढच्या जूनमध्ये तो तालुक्याच्या हायस्कुलात गेला नाही. वडिलांबरोबर भट्टीवर गेला, आणि दोन पावसाळ्यांनंतर ते कुटुंब गाव सोडून निघून गेले. कोठे, ते आम्हांस कळले नाही. याच निधीच्या शिष्यवृत्तीचा कोरा अर्ज त्या वर्षी आमच्या टेबलाच्या खणात होता. मंडळाने शाळेत पाठविला होता. तो भरून घ्यावा असे आमच्या मनात आले नाही, कारण जो मुलगा सतराच्या पाढ्यात अडखळतो त्याला शिष्यवृत्ती कशाला, अशी आमची त्या वेळची समजूत होती.

आता विद्यार्थ्यांना पारितोषिके द्यावयाची आहेत. त्यांतील कोणाला काही विचारावयाचे असेल तर समारंभ संपल्यावर आम्ही व्यासपीठाच्या डाव्या अंगास बसलेले असू. उत्तर येत नसेल तर येत नाही असे सांगू. पाढे म्हणावयास लावणार नाही.